तपासणीपुरतं बीपी

मला डाव्या डोळ्याने नीट दिसत नाही. समोर बघितलं की मधोमध एक करडा डाग असतो, आणि समोरच्या माणसाचं तोंड नेमकं त्या डागात जातं. कान दिसतात, टोपी दिसते, तोंड नाही. हे कोणाला सांगितलं की तो आधी हळहळतो आणि लगेच उपाय सांगायला लागतो. जांभळाच्या बिया, कारल्याचा रस, कुठल्या तरी मेहुण्याला लागू पडलेली मुळी. मी ऐकून घेतो, दुसरं करणार काय?

उपाय माझ्याकडे होता हो. रोज सकाळी घ्यायचा, चण्याच्या डाळीएवढा. मी घेतला नाही. अठरा वर्षं प्राथमिक शिक्षक, 'खोटे बोलू नये' हे फळ्यावर वळणदार अक्षरात लिहून देणारा माणूस, आणि स्वतःच्या डॉक्टरशी मी दोन वर्षं खोटं बोललो. ते कसं, तेवढं सांगण्यासाठी हे लिहितोय. तुमच्यात कोणी तसंच करत असेल तर निदान त्याला लाज वाटू दे.

घरचं झालं थोडं

आधी शुगर आली. मी चाळिशीचा, राहायला टोकावड्यात, शाळा वैशाखऱ्याच्या पुढे एका पाड्यावर. माझी बायको इंदू शहापूरकडची, शेतकऱ्याच्या घरातली. एक दिवस ती म्हणाली, "अवो, तुमी मोरीतून आलात का मागं मुंग्या लागतात. कशाला?"

"गुळाचा डबा उघडा राहिला असेल."

"मोरीत? गुलाचा डबा?"

मुरबाडला एक डॉक्टरीणबाई होत्या, माझ्यापेक्षा वयाने लहान, पण बोलायला मास्तरणीसारख्या कडक. त्यांनी रक्त तपासलं, गोळ्या दिल्या, खाण्याचा कागद दिला. ते कसंबसं चाललं दोन-तीन वर्षं. मग एकदा पायाची जखम भरेना म्हणून गेलो, तर त्यांनी दंडाला पट्टा गुंडाळला. पारा बघितला. पुन्हा फुगवला. तिसऱ्यांदा फुगवला.

"दोनशे बाय एकशे दहा. डोकं दुखतं?"

"नाही."

"चक्कर?"

"नाही."

"मग तुमचं चाललंय तरी कसं गुरुजी?"

"एसटीने," मी म्हटलं. त्या हसल्या नाहीत.

घरचं झालं थोडं अन् व्याह्याने धाडलं घोडं, तशी माझी गत. बाई म्हणाल्या, शुगर असलेल्याला बीपी परवडत नाही. शुगरने रक्ताच्या नळ्या आतून खराब होतात आणि बीपी त्यातून जोराने पाणी सोडतं. मग फुटतं ते नेमकं बारीक जागी, डोळ्यात नाहीतर मूत्रपिंडात. "गोळी रोज घ्यायची. बरं वाटलं तरी. काही होत नसलं तरी."

मी मान डोलावली. पण मनात दुसरंच होतं, ते आता सांगून टाकतो. माझ्या वडिलांना बीपीच होतं. त्यांना गोळी सुरू केली आणि सहा महिन्यांत त्यांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. दोन वर्षं ते खाटेवर होते. तोंड वाकडं, जेवण भरवायचं, कूस मी बदलायची. गोळीने घात केला, असं आमच्या घरात ठरून गेलं होतं. वडील गोळी आठवड्यातून दोनदा घ्यायचे, तीही आठवण झाली तर, हे कोणीच धरलं नाही. मला लकव्याची भीती होती म्हणून मी गोळीला भ्यायलो. असा हा शहाणा माणूस.

मग खायचं काय?

साखर बंद, मीठ कमी, भात मोजका, लोणचं-पापड नाही, सुकी मासळी नाही. कागद वाचून इंदू म्हणाली, "ह्ये काय जेवान हाय का?"

आमच्याकडे भात कमी करा म्हणजे जेवणच कमी करा. भाकरी तांदळाची, घावन तांदळाचे, आजारी पडलात तर पेज तांदळाची. आणि पावसाळ्यात चार महिने सुकट, जवळा, बोंबील यांच्यावर तर घर चालतं, ते सगळं मिठातलं. पण इंदूने केलं. तिने सगळ्या घराचं मीठ तोडलं. मुलगी तेव्हा दहावीला होती. ती ताटावर बसली की तोंड फिरवायची. मग इंदू तिच्या ताटात वरून चिमूट टाकायची आणि माझ्याकडे बघायचीसुद्धा नाही, मला मोह नको म्हणून.

आणि मी? मी शाळेत जाऊन दुसऱ्या गुरुजींच्या डब्यातली सुकटीची चटणी खायचो. भाजलेली सुकट, मिरची, लसूण. घरी येऊन पुन्हा "आमटीला चवच नाही" म्हणून कुरकुर करायचो. बायकोचा जीव किती खाल्ला मी, त्याला गणती नाही.

चहाचं तर विचारूच नका. पाड्यावर पोरं गोळा करायला फिरलं की घरटी चहा. कोरा, आणि साखर अशी की चमचा उभा राहावा. नको म्हटलं तर, "गुरुजी आमच्याकडं चाय घेत नाय, मोठे झाले." म्हणून घ्यायचो. खरं सांगू का, आवडायचा म्हणूनही घ्यायचो.

तपासणी

आता मुख्य गोष्ट. शाळा तपासणी म्हणजे काय असतं, ते खेड्यातल्या मास्तराला विचारा. साहेब येणार असं दोन दिवस आधी कळतं. कळतंच, कोणीतरी कळवतंच. मग वर्ग सारवायचा, रस्त्याकडेच्या दगडांना चुना मारायचा, भिंतीवर तक्ते टांगायचे. हुशार पोरं पुढे, कच्ची मागे. कविता अशी घोकून घ्यायची की साहेबांनी तोंड उघडायच्या आत पोरं सुरू. साहेब खूश, शेरा उत्तम. साहेबांची गाडी वळणाआड गेली की शाळा पुन्हा जशीच्या तशी.

अठरा वर्षं हेच केलेला माणूस डॉक्टरांकडे दुसरं काय करणार?

डॉक्टरीणबाई महिन्यातून एकदा बोलवायच्या, दुसऱ्या शनिवारी. बुधवारी माझी तयारी सुरू व्हायची. बुधवार, गुरुवार, शुक्रवार गोळ्या वेळेवर. मीठ बंद, सुकट बंद, चहा बंद. शुक्रवारी संध्याकाळी जवळजवळ उपासच. शनिवारी मुरबाडला पोचलो की लगेच आत जायचो नाही. बाहेरच्या बाकावर अर्धा तास डोळे मिटून बसायचो. मग आत. एकशे बत्तीस बाय चौऱ्याऐंशी. साखर पण बरी.

"छान," बाई म्हणायच्या आणि कार्डावर आकडा लिहायच्या. मला आनंद किती व्हायचा! उत्तम शेरा मिळाल्यासारखा. स्टँडवर येऊन मी एक वडापाव खायचो. दुसऱ्या दिवसापासून गोळी बंद.

एकदा तर तयारीला वेळच मिळाला नाही, म्हणून शनिवारी सकाळी दोन गोळ्या एकदम घेतल्या. स्टँडवर गाडीतून उतरलो आणि उभ्या जागी कोसळलो. कंडक्टरने तोंडावर पाणी मारलं. बाईंना मी सांगितलं, "उन्हाने झालं असेल." थंडीचे दिवस होते. त्यांनी नुसतं बघितलं माझ्याकडे.

इंदू सुरुवातीला रोज कानीकपाळी ओरडायची. "गोली घेतलीत? अवो, घेतलीत का नाय?" एके दिवशी मी तिच्या अंगावर खेकसलो, "तू डॉक्टर आहेस का? कार्डावर काय लिहिलंय ते वाच ना!" तिला वाचता येतं, सातवी झालीय ती. तिने कार्ड वाचलं, खुंटीवरच्या पिशवीत परत ठेवलं आणि त्या दिवसापासून विचारणं बंद केलं. मला वाटलं, बरं झालं, कटकट गेली.

तीच चढण

पाड्यावर लस टोचायला आरोग्य केंद्रातल्या सिस्टर यायच्या. चालत, पेटी खांद्याला लावून. एकदा लस झाल्यावर त्यांनी पाऱ्याचं यंत्र काढलं. "चला, मास्तर लोकांचंही बघू." दुसऱ्या गुरुजींचं नीट निघालं. माझी पाळी आली. मंगळवार होता, आणि दुपारीच सुकट झाली होती.

"गुरुजी, एकशे नव्वद आहे हो!"

"आत्ताच चढण चढून आलो ना."

"मी पण तीच चढण चढून आले," सिस्टर म्हणाल्या. "वर खांद्याला पेटी." त्यांनी तिथेच स्वतःच्या दंडाला पट्टा लावला आणि यंत्र माझ्याकडे फिरवलं. "बघा. एकशे वीस."

सगळा वर्ग बघत होता. मला असा राग आला! त्यांनी चिठ्ठी लिहिली, तारीख आणि आकडा घालून. "डॉक्टरांना दाखवा. विसरू नका." मी ती हजेरीपटात ठेवली आणि मुद्दाम विसरलो.

हजेरी

चारेक महिन्यांनी, सकाळी, हजेरी घेत होतो. पटावर एकदम काळं काहीतरी उतरलं. चुलीवरच्या जळमटासारखं, लोंबतं. मला वाटलं छपरावरून पडलं. फुंकर मारली. हाताने झटकलं. डोळा हलवला की तेही हलायचं. मग लक्षात आलं की ते पटावर नाही, माझ्या डोळ्यात आहे. उजवा डोळा झाकून बघितलं तर नावंच नाहीत, नुसता तांबूस धूर.

मी पुढची नावं पाठ होती तशी म्हटली. पोरं "हजर" म्हणत गेली. मला भीती वाटली. एवढी भीती मला वडील गेले तेव्हाही वाटली नव्हती.

दुसऱ्या दिवशी कल्याणला डोळ्याच्या डॉक्टरांकडे. त्यांनी थेंब घालून आत बघितलं आणि म्हणाले, पडद्यावर रक्तस्राव झालाय. दुसऱ्या डोळ्यातही सुरुवात आहे.

"बीपी कंट्रोलमध्ये असतं?"

मी कार्ड पुढे केलं. दोन वर्षांचे आकडे, एकाखाली एक, सुंदर. त्यांनी कार्ड बघितलं, पुन्हा माझा डोळा बघितला.

"कार्ड खरं असेल तर हा डोळा तुमचा नाही," ते म्हणाले. "आणि डोळा तुमचाच आहे."

त्यांनी रक्ताची एक तपासणी सांगितली, मागच्या तीन महिन्यांची साखर दाखवणारी. आदल्या दिवशीचा उपास तिच्यापुढे चालत नाही. तिचा आकडा आला आणि माझी पहिली लबाडी उघडी पडली. लेझर करायचं ठरलं. पण डॉक्टरांनी बजावलं, बीपी असंच राहिलं तर लेझर म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. उजवा डोळाही जाईल. आधी मुरबाडला जा आणि गोळ्या नीट लावून घ्या.

डबा

मुरबाडला या वेळी इंदू बरोबर आली. मी नको म्हणत होतो. तिने मांडीवर बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा घेतला होता. मला वाटलं, भाकरी घेतली असेल.

डॉक्टरीणबाई कल्याणचा कागद वाचून गोंधळल्या. "पण गुरुजी, तुमचं तर दर वेळी..." त्या नवी, जास्त ताकदीची गोळी लिहायला लागल्या. "ही गोळी पुरत नाहीये तुम्हाला. वाढवायला हवी."

तेवढ्यात इंदूने डबा उघडून टेबलावर पालथा केला. पाकिटंच पाकिटं. कुठे सात गोळ्या राहिलेल्या, कुठे नऊ, काही तर उघडलेलीच नाहीत. मी घड्याळामागे, कपाटावर, सदऱ्याच्या खिशात टाकून द्यायचो ती सगळी. दोन वर्षं ती गोळा करत होती.

"गोली पुरत न्हाय असं नाय बाई," ती म्हणाली. "गोली पोटात जात न्हाय. ह्ये बुधवारपासून शनवारपर्यंत घेतात. तुमाला दाखवाया."

मला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं. बाईंनी पेन खाली ठेवलं. रागावतील असं वाटलं, पण त्या पांढऱ्याफटक पडल्या होत्या.

"गुरुजी, मी वाढवून दिली असती आणि तुम्ही शनिवारी दोन-दोन घेतल्या असत्या, तर?" त्या म्हणाल्या. "तुम्ही मला फसवलंत. मी कोणाला औषध देत होते?"

मी खिशात हात घातला. हजेरीपटातली सिस्टरची चिठ्ठी मी सकाळी काढून आणली होती, द्यायची की नाही हे ठरत नव्हतं. ती टेबलावर ठेवली, पाकिटांच्या शेजारी. एकशे नव्वद. दोन वर्षांत बाईंना मी दिलेला तो पहिला खरा आकडा.

बाहेर आल्यावर मी इंदूला म्हटलं, "आधी का नाही सांगितलंस?"

"सांगून दमले मी. तुमी म्हणालात, तू डॉक्टर हाय का." मग रडायलाच लागली, भर स्टँडवर. "वाटलं व्हतं तुमी सवताच सांगाल कधीतरी. शिकलेला मानूस. आन् मी गप बसले आन् डोला गेला तुमचा. माजं पन चुकलंच."

तिचं काय चुकलं होतं!

कल्याणचा बाक

लेझरच्या बऱ्याच खेपा झाल्या. गोळ्या आता इंदूच्या हातून, तिच्या समोर, पाण्याचा तांब्या रिकामा होईपर्यंत. कल्याणला सकाळी जाऊन नंबर लावायचा, थेंब घालून घ्यायचे आणि डोळे मिटून बाकावर बसून राहायचं. वीस-पंचवीस माणसं डोळे मिटून ओळीने बसलेली. कोणाला कोणाचं तोंड दिसत नाही, त्यामुळे सगळे खरं बोलतात. शेजारची एक वाशिंदची बाई म्हणाली, "मी गोली संकष्टीला घेत नाय, एकादशीला घेत नाय, सोमवारी घेत नाय. देवाला चालतंय का इचारलंच न्हाय कधी." पलीकडचा माणूस म्हणाला, त्याचं बीपी भावाच्या गोळीवर चालायचं, दोघांत एकच पाकीट. मी माझ्या तीन दिवसांची गोष्ट सांगितली. कोणी हसलं नाही. एकजण नुसता म्हणाला, "आयला, मी पण."

बाहेर उन्हात आलं की डोळ्यात सुया घुसायच्या. त्या वाशिंदच्या बाईने एकदा आपली जुनी काळी ओढणी मला दिली, डोक्यावरून घ्यायला. "न्या तुमी. माज्याकडं दुसरी हाय." ओढणी पांघरलेले गुरुजी आणि त्यांचा हात धरून चालणारी इंदू. लग्नाला वीस वर्षं होऊन गेली, पण चारचौघांत तिने माझा हात कधी धरला नव्हता.

डाव्या डोळ्याचं मधलं गेलं ते गेलंच. उजवा राहिला. "राहिला" म्हणजे सांभाळला तर राहणार, असं डॉक्टरांनी दर वेळी ऐकवलं.

फिका चहा

पाड्यावर बातमी आधीच पोचली होती. रजा संपवून गेलो तर पहिल्याच घरी म्हातारीने कप पुढे केला. मी हात मागे घेतला. ती म्हणाली, "घे गुरुजी. साखर नाय घातली. तुजा चाय आता फिकाच." पुढच्या घरी पण फिका. त्या पुढच्याही. त्यांनी आपसांत ठरवून टाकलं होतं. दोन वर्षं मी ज्यांच्या नावाने बिल फाडत होतो की काय करणार, लोक ऐकत नाहीत, त्यांनी एका शब्दात ऐकलं. मी सांगितलंच नव्हतं कधी.

पुढच्या तपासणीला मी दगडांना चुना मारला नाही. पोरांना बसायची तिथेच बसू दिली. साहेबांनी विचारलं, कोणाला आलं, कोणाला नाही. शेरा साधारण मिळाला. चिडचिड झाली, खोटं कशाला बोलू? पण त्या साधारण शेऱ्यात निदान माझी शाळा होती.

आठ

डॉक्टरीणबाईंनी नवा नियम घातला. माझं बीपी आता सिस्टर बघतात, वाटेल त्या दिवशी, न सांगता. कधी शाळेत, कधी टोकावड्याला एसटीतून उतरून थेट घरी. मला फार राग येतो याचा. आधी कळलं असतं तर जरा शांत बसलो असतो, असं अजूनही मनात येतंच. खोड जिरत नाही हो. जित्याची खोड आहे ती.

परवा अशाच आल्या. शिकायला बाहेर असलेल्या मुलीशी वाद घालून मी नुकताच फोन ठेवला होता. पट्टा गुंडाळला, फुगवला, सोडला. माझा डावा डोळा झाकून मी पण पारा बघत होतो.

"एकशे अठ्ठेचाळीस," सिस्टर म्हणाल्या.

"आत्ताच भांडलोय फोनवर. चाळीस लिहा ना. आठाने काय होतं?"

सिस्टर हसल्या. इंदू स्वयंपाकघरातून हात पुसत आली. ती हसली नाही.

"लिवा सिस्टर, अठ्ठेचालीस," ती म्हणाली. "ह्यांनी आठ-आठ करून लपवलं, त्यातच येक डोला गेला."

सिस्टरने आकडा लिहून कार्ड माझ्या हातात दिलं. मी ते उजव्या डोळ्याने वाचलं. बरोबर लिहिलं होतं.